एका ठशाची दोन माणसे

प्रल्हाद बिराजदार सरांनी आयुष्यात पुष्कळ वाद घातले होते आणि त्यांतले बहुतेक जिंकले होते. परंतु जिंकलेल्या वादांपैकी एखादा पुढे आपल्याच घरी मुक्कामाला येईल, अशी शंका त्यांना कधी शिवली नव्हती.

तो वाद विचारठशाचा होता. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने आपला विचारठसा नोंदवावा, असा नियम प्रवेश मंडळाने केला, आणि पाठोपाठ शिकवणी घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकानेही तो नोंदवावा, असे जाहीर केले. लातूरच्या शिक्षकांनी त्याविरुद्ध सभा भरवली. त्या सभेत बिराजदार सर एकटे उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याला दुसऱ्याच्या जागी बसायचं नाही, त्यानं ठसा द्यायला भ्यावं का?" दुसऱ्याच दिवशी सरांनी आपला ठसा दिला. जिल्ह्यात तो पहिला होता, आणि तसे सांगणारे मानपत्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत टांगलेले होते.

त्याच मानपत्राखाली बसून त्यांची भाची शांभवी सरावपाटीकडे पाहत होती. पाटीवर दोन ओळी उमटल्या होत्या: नोंदणी स्थगित. उमेदवाराचा ठसा नोंदीतील अन्य व्यक्तीशी जुळतो.

"अन्य व्यक्ती म्हणजे कोण?" सरांनी चष्मा पुसत विचारले. "नाव दिलंय का?"

"दिलंय."

"मग वाच की."

"मामा," शांभवी म्हणाली, "तुम्ही."

शांभवी ही सरांच्या धाकट्या बहिणीची, सुरेखाची मुलगी. सुरेखा निलंग्याकडच्या एका गावात अंगणवाडी चालवते. त्या गावातल्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर होता, पण तो पडद्यावर होता. रोग्याने पडद्यापुढे जीभ काढायची आणि पडद्याने औषध सांगायचे. शांभवी सातवीत असताना तिच्या पोटात दुखू लागले, तेव्हा पडद्याने तिला सतरा प्रश्न विचारले, परंतु पोट दाबून कोणी पाहिले नाही. 'मी पोट दाबून बघणारी डॉक्टर होणार,' असे तिने त्या दिवशी आईला सांगितले, आणि दहावीनंतर सुरेखाने तिला, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, लातूरला मामाच्या घरी आणून ठेवले.

आता विचारठसा म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. परीक्षेत एकाच्या नावावर दुसऱ्याने बसण्याचा रोग जुना होता आणि त्यावरचे सगळे उपाय एकामागून एक हरले होते. चेहरा यंत्राला दाखवावा, तर यंत्राला फसवणारे चेहरे मिळू लागले. अंगठा द्यावा, तर अंगठ्यावर चढवायची कातडी निघाली. तेव्हा मेंदूविज्ञान आणि संख्याशास्त्र यांच्या सीमेवर काम करणाऱ्या काही संशोधकांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. उदाहरण सोडवताना माणूस काय लिहितो, यापेक्षा तो कुठे आणि कसा अडखळतो, हे अधिक त्याचे स्वतःचे असते. बरोबर उत्तराकडे जाणारे रस्ते मोजके असल्यामुळे हुशार मुलांची पावले एकाच वाटेवर पडतात. आडवाटांना मात्र अंत नाही, आणि कोण कोणत्या वळणावर चुकेल, किती दूर जाऊन परतेल, परतल्यावर काय खोडेल, हे त्याच्या लहानपणापासूनच्या शिकण्याने ठरत आलेले असते. सरावपाटीवरची लेखणी अक्षरांबरोबर हाताचा दाब, विसावा, खाडाखोड, मागच्या ओळीकडे परतणे हे सारे टिपते, आणि सरावातून यंत्र त्याची आकृती बांधते. परीक्षेच्या दिवशी खोलीत बसलेल्या डोक्याची आकृती तिच्याशी जुळली, तरच उत्तरपत्रिका ग्राह्य. 'चेहरा उसना आणता येतो, चुका उसन्या आणता येत नाहीत,' असे मंडळाच्या माहितीपत्रकात छापले होते. सरांना ते वाक्य इतके पटले होते की त्यांनी ते आपल्या वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते.

शिकवण्याची सरांची स्वतःची एक पद्धत होती. शंभर मुलांच्या वर्गात ती चालत नसे. घरात एकाच मुलीपुढे ती सोळा आणे चालली. रोज संध्याकाळी ते शांभवीच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि तिच्या उत्तराकडे न पाहता तिच्या लेखणीच्या टोकाकडे पाहत. टोक चुकीच्या पायरीकडे वळू लागले, की ते पाटीला टेकण्याच्या आत सर म्हणत, "थांब." आवाज चढवलेला नसे, रागही नसे. लेखणी थांबे, शांभवी विचार करी, टोक योग्य दिशेला वळे. पुढे पुढे सरांना तो शब्द उच्चारावा लागेनासा झाला. ते नुसते श्वास घेत आणि ती थांबे. त्यानंतर श्वासाचीही गरज उरली नाही. दोन वर्षांत त्या पाटीवर एक चुकीची ओळ उमटली नव्हती, आणि हे आपल्या अध्यापनाचे शिखर आहे, असे सर मानत होते.

मंडळाचे विभागीय केंद्र बार्शी रस्त्याला होते; दोघे तिथे गेले. तिथल्या ठसा विभागाच्या प्रमुख डॉ. शबनम काझी या संख्याशास्त्रातल्या विदुषी. बोलणे हळू, पण वाक्य अर्धवट सोडायची सवय नसलेल्या.

"सर, पहिला संशय हाच येतो, की पाट्या तुम्ही सोडवल्या."

"संशय घेणं तुमचं काम आहे," सर म्हणाले. "पण संशय म्हणजे पुरावा नव्हे."

"म्हणून तर तिला आत बसवतेय. तुम्ही इथं माझ्यासमोर बसा. उदाहरणं यंत्र आत्ता तयार करेल. ती तुम्हालाही ठाऊक नसतील आणि मलाही नाहीत."

काचेच्या खोलीत शांभवी एकटी बसली. तिने सगळी उदाहरणे सोडवली आणि सगळी बरोबर सोडवली. डॉ. काझींनी पडद्यावरची आकृती तपासली.

"तिनंच सोडवली आहेत," त्या म्हणाल्या. "लबाडीचा प्रश्न मिटला."

"म्हणजे नोंदणी झाली."

"नाही सर. जुळणी आधीपेक्षा वाढली. हे बघा, चढावरच्या ठोकळ्याचं उदाहरण. घर्षणाचा बाण काढण्याआधी ती थांबते. तुमच्या ठशात तुम्हीही तिथंच थांबता, तेवढंच, आणि लेखणी तशीच दोनदा टेबलावर टेकवता. तिच्या ठशात तिचं असं काही सापडतच नाही."

"हा दोष यंत्राचा आहे. उत्तम शिकवलेली मुलगी आणि तोतया, यांत त्याला फरक कळत नाही."

"बरोबर. कळत नाही." डॉ. काझींनी ते सहज मान्य केले. "उद्या तिच्या जागी तुम्ही बसलात, तर यंत्राला ते कळणार नाही. आणि त्याला ते कळत नाही, तोवर ही उत्तरपत्रिका हिचीच, असं मी कशाच्या आधारावर लिहून देऊ?"

सरांनी या युक्तिवादात खोट शोधली. ती सापडेना, कारण युक्तिवाद त्यांचाच होता.

उपाय एकच होता. नोंदणीची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. तेवढ्या दिवसांत शांभवीचा स्वतःचा ठसा तयार झाला पाहिजे. नाही झाला, तर ती तोतयांच्या वर्गात जाणार होती, आणि त्या वर्गातून परत येण्याची वाट नियमांत ठेवलेली नव्हती.

"तिला चुकू द्या," डॉ. काझी म्हणाल्या.

"मुद्दाम?"

"मुद्दाम केलेली चालत नाही. मुद्दाम चुकणारा माणूस आधी मनात बरोबर उत्तरापाशी जाऊन येतो आणि मग तिथून बाजूला सरतो. ते सरणं लेखणीत दिसतं. खरीखुरी चूक पाहिजे सर, चुकणाऱ्याला न कळलेली."

त्या संध्याकाळी सर नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि पोरं कशी चुकतात, हे भाचीला समजावू लागले.

"चढ दिसला की पोरं काय करतात, घर्षणाचा बाण डोळे झाकून वरच्या बाजूला काढतात. ठोकळा दोरीनं वर ओढला जातोय, म्हणजे घर्षण खाली, हे बघतच नाहीत. तू तसंच कर."

शांभवीने बाण वर काढला. पाटीने क्षणभर विचार करून जुळणीचा आकडा दाखवला. तो तसूभरही हलला नव्हता.

"कुठल्या वळणावर चुकायचं ते तुम्हीच सांगितलंत की मामा," शांभवी म्हणाली. "मग ती चूक माझी कशी होईल?"

मामी, म्हणजे सुनंदाबाई, भाकरी थापता थापता ऐकत होत्या. "सगळा जन्म लोकांच्या पोरांच्या चुका काढण्यात गेला," त्या आतूनच म्हणाल्या, "आता घरच्या पोरीला चुका घालायला बसलेत. त्याही कुठे जमतायत?"

"तुम्ही अंगणात बसा मामा," शांभवी म्हणाली. "मी एकटी बघते."

सर अंगणात जाऊन बसले. पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून त्यांनी वर्तमानपत्र उघडले आणि एक अक्षरही वाचले नाही. थोड्या वेळाने शांभवी दारात आली.

"तुम्ही 'थांब' म्हणालात का?"

"नाही."

"मला ऐकू आलं," ती म्हणाली आणि आत गेली. मग तिने दार लावून घेतले, रेडिओ लावला, बाहेरच्या सगळ्या आवाजांवर मात होईल इतका मोठा लावला. जुळणी होती तिथेच राहिली. जेवायला ती आली नाही; सुनंदाबाई ताट घेऊन गेल्या तेव्हा ती पाटीवर डोके टेकून बसली होती.

चौथ्या दिवशी सुरेखा आली. ती आली तीच पिशवी भरायला लागली. भाचीचे कपडे पिशवीत जाताना सर पाहत उभे राहिले.

"दादा, लेकरू तुज्याकडं ठेवलं ते शिकवायला," सुरेखा म्हणाली. "तू तर तिच्यात राहायलाच गेलास."

"सुरेखा, दोन वर्षांत मी तिला एक चूक करू दिली नाही."

"मी बी तेच म्हणायलेय."

शांभवी दारात उभी होती. तिला मामाचीही कड घेता येईना आणि आईचीही. "मामा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "मला सगळं येतंय. तीच तर अडचण आहे."

"फोन करू नकोस तिला," निघताना सुरेखाने बजावले. "मुदत संपेपर्यंत तुजा आवाज तिच्या कानावर नको."

त्या दोघी गेल्यावर सरांनी आपल्या स्वभावाप्रमाणे प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. दोन आकृत्या एकमेकींवर बसतात; एक हलत नसेल, तर दुसरी हलवावी. दुसऱ्या दिवशी ते डॉ. काझींसमोर जाऊन बसले.

"माझा ठसा काढून टाका."

"शिक्षकाचा ठसा दोनच कारणांनी निघतो सर. मृत्यू, नाहीतर बुद्धिभ्रंश."

"दुसरं लावा."

"त्यानंतर तुम्हाला कुठंही शिकवता येणार नाही. घरीसुद्धा."

"लावा म्हणतो ना मी."

डॉ. काझींनी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला नाही, याबद्दल सर पुढे त्यांचे मनोमन आभार मानत असत. चाचणी आठवीच्या मुलांना जमेल अशी होती. ती सोडवता न येणे, एवढेच सिद्ध करायचे होते. सरांनी पहिले उत्तर चुकीचे लिहिले. यंत्राने शेरा दिला: हेतुपुरस्सर. दुसरे त्यांनी न वाचता लिहिले. पण न वाचताही त्यांचा हात पाटीवर आकृती काढण्यासाठी डावीकडे सरकला, आणि यंत्राने तो हात ओळखला. तिसऱ्याला त्यांनी मनात हनुमान चालिसा म्हणत अंदाधुंद आकडे टाकले. आकडे वाढत्या क्रमाने पडले. शेवटच्या उदाहरणात एक रेलगाडी एका पुलावरून जात होती. सरांनी पुलाकडे पाहिले, गाडीकडे पाहिले, आणि एकाएकी त्यांच्या मनात आले, की शांभवी या घडीला गावच्या घरात कोणत्या खिडकीशी बसली असेल, आणि तिला काय हवे-नको ते कोणी विचारत असेल का. त्या विचारात त्यांनी पुलाची लांबी मिळवायची सोडून वजा केली.

डॉ. काझी पडद्यावर वाकल्या. "ही खरी आहे," त्या म्हणाल्या. मग नरम आवाजात त्यांनी वाक्य पूर्ण केले. "पण एकीवर बुद्धिभ्रंश ठरत नाही सर."

सरांनी मग मंडळाकडे अर्ज केला. नियमाचा हेतू आणि नियमाचे शब्द यांतला विरोध त्यांनी इतक्या काटेकोरपणे मांडला होता की एखाद्या न्यायाधीशाने तो अर्ज वाचला असता, तर तो विचारात पडला असता. तो वाचणारे यंत्र विचारात पडले नाही. त्याने आभार मानले आणि मुदतीची तारीख कळवली.

गावाकडून मात्र बातमी बरी होती. सुरेखा रोज सुनंदाबाईंना फोन करी. पहिल्या आठवड्यात शांभवी नुसती बसून राहिली. मग एका दुपारी, अंगणवाडीच्या ओट्यावर पोरांच्या गोंगाटात, तिने एका वर्तुळगतीच्या उदाहरणात वजन धरायचेच सोडले आणि उत्तर काढून मोकळी झाली. पाटीने चूक दाखवल्यावर ती आधी रडली, मग हसायला लागली. दुसऱ्या दिवशी आणखी एक झाली. जुळणी उतरू लागली. रोज थोडी, पण उतरू लागली. तिला मिळणारे गुणही त्याबरोबर उतरत होते, ही गोष्ट सुनंदाबाईंनी नवऱ्याला सांगितली नाही. सरांनी ती विचारली नाही, कारण तो हिशेब त्यांना स्वतःच करता येत होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी केंद्रात अंतिम चाचणी होती. जुळणी मर्यादेच्या अगदी काठाशी आली होती; डॉ. काझींच्या सांगण्याप्रमाणे आणखी एक खरी चूक पडली, की नोंदणी आपोआप सुटणार होती. सुरेखाने सरांना येऊ नको म्हणून निरोप धाडला होता. ते आले. मात्र ते मुलगी आत जाऊन बसल्यावर आले आणि तिच्या पाठीच्या बाजूला, निरीक्षणाच्या खोलीत उभे राहिले. सुरेखाने त्यांच्याकडे पाहिले, पण बाहेर जा असे म्हणाली नाही. तिच्या हातात शांभवीची पाण्याची बाटली होती.

आत शांभवी पाठमोरी बसली होती. तिची वेणी आता आईने घातलेली, घट्ट होती. तिची पाटी डॉ. काझींच्या पडद्यावर जशीच्या तशी उमटत होती. पहिली उदाहरणे गेली. एके ठिकाणी तिने खाडाखोड केली, मामाच्या घरात जी कधी झाली नव्हती तशी, आडवी-उभी, मनमोकळी; आणि सरांना ती पाहून बरे वाटले, याचे त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटले. मग शेवटचे उदाहरण आले. एक चढ, चढावर ठोकळा, आणि दोरीने वर ओढणारे बल.

शांभवीने चढ काढला. ठोकळा काढला. दोरी काढली. मग ती विसावा न घेता, लेखणी टेबलावर न टेकवता, कशाचाही विचार न करता घर्षणाचा बाण काढू लागली, आणि बाण वरच्या दिशेने निघाला. चूक होती. खरीखुरी, चुकणाऱ्याला न कळलेली, तिची स्वतःची चूक होती. डॉ. काझी खुर्चीत पुढे झाल्या. सुरेखाला बाणातले काही कळत नव्हते, पण तिने डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला आणि बाटली छातीशी धरली.

आणि सरांच्या ओठांतून, त्यांना कळायच्या आत, इतक्या वर्षांच्या सवयीने, अगदी हलक्या आवाजात शब्द निघाला. "थांब."

पडद्यावरचा बाण अर्ध्यात थांबला.

लेखणी टेबलावर दोनदा टेकली. मग शांभवीने अर्धा बाण पुसला आणि खालच्या दिशेने नवा काढला, नीट, टोकासकट. जुळणीचा आकडा वर सरकला आणि मर्यादेच्या पलीकडे जाऊन स्थिर झाला. पडद्याच्या कोपऱ्यात नोंदणीची मुदत संपल्याची ओळ आली.

मग सर डॉ. काझींच्या टेबलाशी गेले. त्यांचा आवाज स्थिर होता. वाद घालताना तो नेहमी स्थिर असे.

"मी बोललो. तुम्ही ऐकलंत, सुरेखानं ऐकलं. चाचणी चालू असताना उमेदवाराला बाहेरून सूचना मिळाली. नियमाप्रमाणे ही चाचणी रद्द होते आणि पुन्हा घ्यावी लागते. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. मी लेखी देतो."

डॉ. काझींनी आतल्या खोलीतल्या ध्वनीची नोंद उघडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषा होती.

"आत काही पोचलं नाही सर."

"पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा पाहिले. त्यांनी रेषा मोठी करून दाखवली. ती मोठी केल्यावरही सरळच होती.

"काच जाड हाय दादा," सुरेखा म्हणाली. तिने त्यांच्या कोपराला हात लावला. "तुज्या बोलण्यानं काही झालं नाही. तू नको मनाला लावून घेऊ."

या विधानाचे खंडन करायला सरांनी आपल्याजवळचे सगळे दिले असते. त्यांनी काचेला बोटे लावून पाहिली. ती खरोखरच जाड होती.

दार उघडले आणि शांभवी बाहेर आली. खूप दिवसांनी मामाला पाहून तिचा चेहरा उजळला.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही कधी आलात?"